एककाच्या घरापासून

रविवार, रात्री साडेअकरा

संगणकावरच्या आमच्या बेरजेच्या खेळातली उत्तराची चौकट आज अखेर उलटी झाली. खरं तर सुलटी झाली.

तीन आठवड्यांपूर्वी दुसरीला शिकवणाऱ्या बाईंनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. प्रोग्राममधली चूक कळवायला, तो लिहिणाऱ्या आमच्या गटाचा एक फॉर्म आहे. प्रोग्रामची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, अडचण पुन्हा घडवून आणायच्या पायऱ्या, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. दुसरीच्या वर्गातून दमून आलेल्या माणसानं तो भरावा तरी का? फोटोत 47 अधिक 38 अशी उभी मांडणी होती, उत्तरातल्या 5 भोवती पेन्सिलीनं गोल केलेला आणि खाली एवढंच लिहिलेलं : "मुलं इथून सुरू करतात. तुमचा प्रोग्राम तिथून का सुरू करतो?"

प्रश्न मला दुसऱ्या दिवशी उमगला. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. मुलाच्या हाताशी आधी 5 येतो, तोच मूल आधी टाइप करतं. मग 8. पण आमची चौकट डावीकडून उजवीकडे भरत जायची, त्यामुळे पडद्यावर 58 उमटायचं आणि लाल फुली यायची. बेरीज बरोबर येणाऱ्या मुलाला आम्ही दीड वर्ष चूक म्हणत होतो. आम्ही कोड लिहिणारे सगळे तोंडी बेरीज करून 85 टाकायचो, म्हणून ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. हे लिहितानाही वाईट वाटतंय.

आता कर्सर एककाच्या घरात उभा राहतो आणि एक अंक टाकला की दशकाकडे सरकतो. दशकाच्या डोक्यावर हातच्यासाठी छोटं घर आहे. ते प्रोग्रामनं आपोआप भरावं असं माझं मत होतं. बाई फोनवर ठाम होत्या : "हातचा तुम्ही दाखवू नका. तो मुलांनी मांडायचा असतो." घर रिकामं ठेवलं. तिथलं भाषांतरही बदललं. मूळ इंग्रजी सूचनेचं मी कधीकाळी 'वाहून न्या' असं केलं होतं. वर्गात बसलेल्या कुणीही ते एका क्षणात 'हातचा' करून दिलं असतं. 2001 साली नॉर्वेत सुरू झालेल्या स्कोलेलिनक्सचा, म्हणजे शाळांसाठीच्या मुक्त संगणकप्रणालीचा, एक मोठा हेतू शाळेतला संगणक मुलांच्या भाषेत बोलावा हाच होता. त्यासाठी नुसतं भाषांतर पुरत नाही, वर्गातली बोली लागते, हे मला आत्ता कळतंय.

मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे दोन वेगळे शब्द आहेत, याचं मला फार बरं वाटतं. शाळेला पैसे पडत नाहीत ही सोय मोठीच आहे. पण 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागचा आग्रह वेगळा होता : प्रोग्राम हवा तसा वापरता यावा, उघडून पाहता यावा, बदलता यावा आणि बदललेला दुसऱ्याला देता यावा. बाईंना कोडची एक ओळ येत नाही, तरी त्यांनी तो बदलला. कोड उघडा होता, म्हणून त्यांचं म्हणणं माझ्यामार्फत आत पोचू शकलं. आता ही चौकट दुसऱ्या कुठल्या शाळेला हवी असेल, तर त्यांनी आम्हाला विचारायचीही गरज नाही.

जीकॉम्प्री हा मुलांसाठीचा मुक्त खेळसंच 2000 सालापासून चालू आहे. फ्रेंचमध्ये 'मला समजलं' म्हणायचं झालं तर जो उच्चार होतो, तेच त्याचं नाव. आज दुपारी चाचणी करताना ते नाव सारखं आठवत होतं.

खेळातलं घड्याळही काढून टाकलं. सेकंद उलटे मोजणारं ते घड्याळ माझं लाडकं होतं, त्यावर दोन शनिवार गेले होते. पण काही मुलं त्याच्याकडेच बघत बसतात, असं बाई म्हणाल्या. वाद घातला नाही.

झोपायच्या आधी फोन पाहिला तर नवा फोटो. 52 वजा 27. वरच्या पाचावर काट मारून 4 लिहिलेले, दोनाच्या जागी 12. आमच्या पडद्यावर अंक खोडायला जागाच नाही. उद्या संध्याकाळी त्यावर बसतो. आधी बाईंना विचारलं पाहिजे, मुलं 4 काटेच्या वर लिहितात की शेजारी.