ट्रंकेचे चित्र

रविवार, रात्री साडेदहा.

दिवसभर पावसाची झड लागल्यामुळे घराबाहेर पडणे झाले नाही, आणि कित्येक महिने लांबणीवर पडलेले एक काम हातावेगळे झाले. कोथरूडच्या घरातील संगणकावर आईच्या उपयोगाचे जे सात फोल्डर आहेत, त्या प्रत्येकाला मी आज वेगळे चित्र दिले. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही आईला फोल्डरखालची बारीक अक्षरे लागत नाहीत, आणि एकसारख्या पिवळ्या चौकोनांच्या रांगेत घरपट्टीच्या पावत्या कोणत्या व भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे कोणती, हे तिने ओळखावे तरी कसे?

मुळात ते पिवळे चित्र आमच्या घरातले नव्हेच. १९८१ साली झेरॉक्सच्या ‘स्टार’ संगणकाच्या पडद्यावर फोल्डरचे चित्र होते, ते अमेरिकी कचेरीतल्या टेबलावरून उचललेले. आणि त्याला पुढे चिकटलेला पिवळट रंग तिकडच्या मनिला फोल्डरचा, ज्याचा जाड कागद पूर्वी फिलिपाइन्समधील अबाका नावाच्या झाडाच्या धाग्यापासून होत असे. आमच्याकडचे कागद राहिले ते वडिलांनी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या हिरव्या रेक्झिनच्या फायलीत आणि पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत.

विंडोजमध्ये चित्र बदलणे सोपे आहे. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायचे, ‘कस्टमाइझ’ या टॅबवर जायचे आणि तळाचे ‘चेंज आयकॉन’ दाबायचे. तिथे कुलूप, झाड, पृथ्वीचा गोल अशी तयार चित्रे पुष्कळ मिळतात, पण आईने ती सगळी पाहून, “यातले आपले काय आहे?” एवढेच विचारले. मग मी ट्रंक ओढून बाहेर काढली, खिडकीपाशी ठेवून तिचा फोटो घेतला आणि त्याचा आयकॉन केला. नुसते नावाचे शेपूट बदलून फोटोचा आयकॉन होत नाही. आयसीओ प्रकारच्या एकाच फायलीत २५६, ४८, ३२ आणि १६ पिक्सेल अशा निरनिराळ्या मापांची चित्रे ठेवता येतात, आणि पडद्यावर जे माप लागेल ते विंडोज उचलते.

गोची झाली ती याच मापांत. २५६ पिक्सेलला ट्रंकेची कडी, पोचे आणि वडिलांनी पांढऱ्या रंगाने घातलेले आडनावसुद्धा दिसत होते; १६ पिक्सेलला तिथे राखाडी डाग उरला. शेवटी फोटो बाजूला ठेवून मी लहान मापांसाठी ट्रंक हाताने काढली: एक करडा आयत, मधोमध आडवी काळी रेघ आणि तीन पिवळ्या ठिपक्यांची कडी. आईला हीच अधिक आवडली.

दुपारी चहा झाल्यावर आवराआवरीच्या हौसेने मी सगळे आयकॉन ‘डाउनलोड्स’मधून हलवले, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, आणि सातही फोल्डर निमूटपणे पिवळे होऊन बसले. फोल्डरला चित्र दिले की त्याच्या पोटात ‘डेस्कटॉप.आयएनआय’ नावाची एक लपलेली मजकूर-फाइल तयार होते आणि तिच्यात आयकॉनचा पत्ता लिहिलेला असतो, हे तोवर मला ठाऊक नव्हते. चित्र घर सोडून गेले, पत्ता जुनाच राहिला. (पुणेकराला यात नवल वाटू नये; पेठेतून कोथरूडला आल्यावर आमची पत्रेही बरेच दिवस जुन्याच वाड्यावर जात होती.) आता प्रत्येक आयकॉन ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्येच ठेवून लपवला आहे.

रात्री जेवणानंतर आईची परीक्षा घेतली. टाळ, ट्रंक, घराचे दार, गॅसची शेगडी, औषधाची बाटली आणि बँकेचे पासबुक तिने न अडखळता ओळखले. डोळ्यांच्या तपासणीच्या कागदांना मी चष्मा काढला होता, तो तिला सायकल वाटला, आणि नीट पाहिल्यावर मलाही वाटला. उद्या बदलतो म्हणालो, तर ती म्हणाली, “राहू दे. डोळ्यांचे कागद सायकलवर आहेत, एवढे माझ्या लक्षात राहील.”