दहा वर्षे फक्त वडिलांचीच गेली का?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे निमंत्रणपत्र आले, तेव्हा लिहिण्यासारखे पुष्कळ होते. परंतु लिहायला बसले आणि मन थेट आठवीच्या वर्गात, गणिताच्या बाईंच्या फळ्यापाशी जाऊन थांबले.

आकडेमोड मला येत असे. भीती होती ती शाब्दिक उदाहरणांची. बाई फळ्यावर डावीकडे ‘दिलेली माहिती’ आणि उजवीकडे ‘काय काढायचे’ असे लिहीत, आणि दोन्हींखाली मजकूर आल्याशिवाय अधिकचे चिन्हसुद्धा काढू देत नसत. त्यानंतर ‘समजा’, मग समीकरण, मग उत्तर आणि शेवटी पडताळा.

एके दिवशी उदाहरण होते: वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे, दहा वर्षांनंतर ते दुप्पट होईल, तर दोघांची आजची वये काढा. मुलाचे वय क्ष आणि वडिलांचे ३क्ष मानून मी ३क्ष + १० = २क्ष असे समीकरण मांडले आणि उत्तर आले उणे दहा. बाईंनी ते खोडले नाही. उत्तर पूर्ण वाक्यात वाच, एवढेच त्या म्हणाल्या. “मुलाचे आजचे वय उणे...” येथेच माझा आवाज थांबला. तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे विचारले, “दहा वर्षे फक्त वडिलांचीच गेली का गं?”

मी ३क्ष + १० = २(क्ष + १०) असे लिहिले; मुलगा १० वर्षांचा, वडील ३० वर्षांचे; दहा वर्षांनी २० आणि ४०. पडताळा जुळला, तरी बाई तेथे थांबल्या नाहीत. दोघांच्या वयांतील फरक कधी बदलत नाही, हे त्यांनी दाखवले. तो फरक आज मुलाच्या वयाच्या दुप्पट आहे आणि दहा वर्षांनी मुलाच्या वयाइतका होईल. म्हणजे दहा वर्षांत मुलाचे वय दुप्पट होते, म्हणून ते आज दहाच असले पाहिजे. क्ष न मानताही उत्तर मिळते, हे पाहून मला झालेला आनंद मी आजतागायत विसरलेले नाही.

आज मी परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना औषधाची मात्रा काढायला शिकवते. ५ मिलिलिटर द्रवात २५० मिलिग्रॅम औषध आहे आणि रुग्णाला ४०० मिलिग्रॅम द्यायचे आहे, तर १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणून ८ मिलिलिटर. प्रत्येक ओळीत एकक लिहायला मी लावते, आणि उत्तर ५ मिलिलिटरपेक्षा जास्त यायला हवे की कमी, हे आकडेमोडीपूर्वीच विचारते. ही सर्व रीत बाईंची आहे.

एका गोष्टीचे मात्र वाईट वाटते. हल्ली मुलांना ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, असे शिकवले जाते. ‘तीन पुस्तके दिल्यावर पाच उरली, तर आधी किती होती?’ या उदाहरणाचे उत्तर माझ्या भाच्याने दोन असे लिहिले होते. मी त्याला ते पूर्ण वाक्यात वाचायला सांगितले. “आधी दोन पुस्तके होती, त्यांतली तीन दिली...” एवढे वाचून तो थांबला आणि त्याने स्वतःहून पेन्सिल उचलली.