प्लेट सुरक्षित, मुलगी?

प्रयोगशाळेत धोकादायक जंतू नीट हाताळतात का, हे बघणाऱ्या जैवसुरक्षा समितीची पाहणी म्हणजे निम्मा वेळ फायली, उरलेला चहा. दारावर जैवधोक्याचं चिन्ह, पिवळ्या पिशव्या आणि वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हची पट्टी काळी झालेली दिसली की सगळे खूश. (ती पट्टी नुसती उष्णता लागल्याचं सांगते. जंतू मेले का, ते आत ठेवलेल्या चिवट बीजाणूंच्या स्पोअर स्ट्रिपवरून कळतं. ती मागून बघा, चेहरे कसे होतात!)

मे महिन्यात नागपुरातल्या एका विभागात गेले. समितीकडच्या त्यांच्या अर्जात ‘बायोसेफ्टी कॅबिनेट, क्लास २’. काम रुग्णांकडून आलेल्या, बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या क्लेब्सिएला या जिवाणूवर. पीएचडीची मुलगी नीटनेटकी. एप्रन, हातमोजे, सगळं जागच्या जागी. पण स्पिरिटच्या दिव्याची ज्योत तिच्याकडे झुकलेली. मी टिश्यूची पट्टी धरली, ती सरळ माझ्या नाकाकडे फडफडली. कॅबिनेट कसलं, आडव्या झोताचा लॅमिनार होता तो! मागच्या, जंतूही अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून गाळलेली हवा जंतू वाढवायच्या प्लेटवरून येते आणि काम करणाऱ्याच्या तोंडावर आदळते. क्लास २ मध्ये पुढची हवा आत ओढली जाते आणि बाहेर जाणारी गाळून जाते. पण दिसायला दोन्ही काचेच्या पेट्या, आणि खरेदीवाल्यांना स्वस्त ती कळते.

एसी बंद, खिडकीत कूलर. त्या झोताने खऱ्या कॅबिनेटचीही हवेची भिंत फुटली असती. बंद करा म्हटलं तर अटेंडंट म्हणतो, “कूलर बंद केला तं पोरं भाजतीन ना, मॅडम!” तोही खोटं बोलत नव्हता.

विभागप्रमुख म्हणाले, “इतक्या वर्षांत आमची एक प्लेट कंटॅमिनेट झाली नाही.” कशी होईल? सगळी हवा प्लेटच्याच सेवेला. वर, “आम्ही जनुकीय बदल करतच नाही, समितीचा संबंध काय?” जैवसुरक्षेच्या १९८९ च्या नियमांच्या नावातच जनुकबदल केलेल्या जीवांच्या आधी ‘घातक सूक्ष्मजीव’ येतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

मी काम थांबवायला लावलं. थीसिस लटकला. ती मुलगी जिन्यात गाठून म्हणाली, “मॅडम, हिवाळ्यात माझा खोकला महिनाभर गेला नव्हता, तो यामुळेच का?” काय सांगणार? कदाचित नसेलही. कोण कधी आजारी पडलं याची तिथे नोंदच नाही.

इतिवृत्तात मी आजारपणाच्या नोंदवहीचा मुद्दा घालायला लावला. सचिवांनी पुढे ‘शक्य असल्यास’ जोडलं.