स्विफ्टचा सायलेन्सर: खडखड एक नव्हती, तीन होत्या

नव्या मंडळींसाठी आधी गाडीची थोडक्यात माहिती. 2007 ची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल, जुनं जी13 इंजिन. मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्या) आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळचेच आहेत. कॅटच्या मागून मात्र सगळं बाहेरून बनवून घेतलेलं: 304 स्टेनलेसचा दोन इंची पाईप, मध्ये रेझोनेटर (आवाजाची घुमघुम मारणारा डबा), मागे ग्लासवूल भरलेला मफलर. कॅट काढलेला नाही आणि काढणारही नाही. आवाज मूळपेक्षा थोडा जाड आहे एवढंच. पोलीस बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली घालतात त्या बातम्या मीही वाचतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड भरण्याची हौस नाही.

तर ही खडखड, सायलेन्सरच्या बाजूने येणारी. गॅरेजमध्ये दाखवली की ठरलेलं उत्तर मिळतं, "रबर बदला." सायलेन्सर ज्यांवर टांगतो ती रबरं बदलून झाली होती, पुण्याच्या नाना पेठेतून चांगली जाड आणून. फरक शून्य. म्हणून या वेळी पान्याला हात लावण्याआधी फक्त ऐकायचं ठरवलं. वहीत तीनच रकाने: इंजिन गार की तापलेलं, आरपीएम किती, लोड आहे की नाही. त्यानंतर सकाळी गार इंजिन, शहरातला ट्रॅफिक आणि कात्रजचा जुना घाट अशा वेगवेगळ्या वेळी नोंदी केल्या. वही भरत गेली तसं लक्षात आलं की आपण एकाच आवाजाच्या मागे लागलेलो नाही.

पहिला आवाज पत्र्याचा, किर्रर्र असा. गार असतानाही येतो, उभ्या गाडीतही येतो, पण फक्त 2000 आरपीएमच्या आसपास. जरा वर-खाली गेलं की गायब. हिशेब सोपा आहे: चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे 2000 ला सेकंदाला साधारण 67 ठोके. एखाद्या सैल पत्र्याची स्वतःची थरथर त्याच आकड्याला असेल तर तो तिथेच वाजणार. संशयित शोधायची माझी आवडती पद्धत म्हणजे मोल ग्रिप, म्हणजे आवळली की तशीच लॉक होणारी पक्कड. पत्र्याच्या कडेला ती चावून ठेवायची आणि पुतण्याला आत बसवून रेस द्यायला सांगायची. वजन वाढलं की थरथरीचा आकडा खाली सरकतो. कॅटवरच्या हीट शील्डला (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) ग्रिप लावली आणि किर्रर्र 1700 च्या आसपास उतरली. "काका, आता आधीच वाजतंय," असं आतूनच ओरडून सांगितलं त्याने. शील्डच्या एका बोल्टचं भोक गंजून मोठं झालं होतं. बोल्टखाली मोठा स्टेनलेस वॉशर टाकला, शील्डभोवती स्टेनलेसची लांब क्लिप आवळली, विषय संपला.

(हे सगळं मोकळ्या जागेत, गाडी स्टँडवर ठेवून. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नका, आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून असले प्रयोग नकोत.)

कॅट स्वतः आतून फुटलाय का, हेही त्याच वेळी बघून घेतलं. गार असताना रबरी हातोड्याने हलके टोले मारायचे. आतली सिरॅमिकची जाळी तुटली असेल तर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. इथे ठोस, बद्द आवाज आला. जॉइंटमधून गळती असेल तर गार इंजिनवर टिकटिक येते आणि धातू फुगून फट बुजली की बऱ्याचदा कमी होते. व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून मागून हवा भरली, जॉइंटवर साबणाचं पाणी मारलं. एकही बुडबुडा नाही.

दुसरा आवाज हा खरा त्रासदायक. ठक-ठक, मागच्या सीटखाली. गार गाडीत कधीच नाही. वीस-पंचवीस मिनिटं चालवल्यावर, खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर, आणि घाट चढून आल्यावर हमखास. तापल्यावरच सुरू होतो म्हटल्यावर माझा संशय सरळ पाईपच्या लांबीवर गेला. 304 स्टेनलेस साध्या स्टीलपेक्षा तापल्यावर बरंच जास्त वाढतं: दर मीटरला, दर अंशाला साधारण 17 मायक्रॉन, तर साधं स्टील 12 च्या आत. कॅटच्या फ्लँजपासून (बोल्टच्या जोडापासून) मागच्या बीमपर्यंत (मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यापर्यंत) माझ्या गाडीत पावणेदोन मीटर पाईप आहे. तो सरासरी 300 अंशांनी तापला असं धरलं तर स्टेनलेस जवळजवळ 9 मिलिमीटर मागे सरकतं, साधं स्टील सुमारे 6. पुढचं टोक इंजिनाला बांधलेलं, म्हणजे सगळी वाढ मागेच जाणार. आणि मागे काय आहे? बीमवरून चढणारा बाक.

आता हे सिद्ध कसं करायचं? गाडी दोन खांबी लिफ्टवर घेतली तर चाकं लोंबतात, बीम खाली जातो आणि पाईपभोवती भरपूर जागा दिसते. बहुतेक मेकॅनिक इथेच "काही लागत नाही" म्हणून सोडून देतात. मी ओळखीच्या वॉशिंग सेंटरवर गेलो. तिथला रॅम्प चाकांखाली असतो, त्यामुळे गाडी रस्त्यावर उभी राहते तशीच दिसते. फट मोजली: गार असताना 8 मिलिमीटर. तपकिरी झालेल्या पाईपच्या बाकावर पानाचा चुना जाड लावला (रंग जळतो, चुना टिकतो) आणि गाडी घाटात नेली. परत रॅम्पवर चढवली तर बीमच्या पुढच्या अंगाला पांढरा ठसा, आणि पाईपवर तेवढाच तुकडा खरवडलेला.

रबर आणखी कडक करणं हा इलाज नव्हे. त्याने ठक-ठक कदाचित दबेल, पण सगळी थरथर बॉडीत येईल आणि 80 च्या वेगाला केबिन घुमायला लागेल. बाकाच्या आधी पाईपमधून 12 मिलिमीटरची चकती कापून काढली. आर्गन गॅसवर स्टेनलेस वेल्ड करणाऱ्याने आधी गाडीवरच टाके मारले (बॅटरीची निगेटिव्ह काढून), मग पाईप उतरवून आतून आर्गन सोडत पूर्ण वेल्ड केलं. आतून गॅस दिला नाही तर स्टेनलेसच्या आतल्या बाजूला काळी खरबरीत खपली धरते. घाई असली तरी त्यावर अडून बसा.

यामुळे मफलरही पुढे आला, म्हणून हँगरचे हुक थोडे हलवले. आता गार गाडीत मागची रबरं किंचित पुढे झुकलेली दिसतात. बघणारा म्हणेल वाकडं बसवलंय. पण तापल्यावर ती बरोबर सरळ होतात, आणि सायलेन्सर असाच टांगायचा असतो. गार असताना नीट ओळंब्यात दिसणारी रबरं घाटात पोचेपर्यंत ताणलेली असतात.

पुन्हा चुना लावून तोच घाट केला. ठसा नाही, ठक-ठक नाही.

आता तिसरा. आधीच्या दोघांच्या गोंगाटात हा लपून होता. 3000 च्या वर, जोरात ॲक्सिलरेटर दिला तरच, मागून बारीक खुळखुळ. मफलरला जाड हातमोजे घालून दाबून धरलं तरी थांबत नाही, म्हणजे आवाज आतला आहे. जाळीच्या नळीचा एखादा टाका सुटलाय किंवा ग्लासवूल जळून, पावसाचं पाणी पिऊन एका बाजूला बसलंय असा अंदाज आहे. मफलरचं मागचं झाकण रिव्हेटवर आहे, त्यामुळे कापाकापी न करता उघडता येईल. रिव्हेट, ड्रिलचे बिट आणि नवं वूल आणून ठेवलंय. कुणी दोन इंची गाभ्याचा मफलर स्वतः भरला असेल तर वूल किती घट्ट ठासलं ते सांगा. फार ठासलं की आवाज बारीक होतो असं एक जण म्हणतो, दुसरा नेमकं उलटं. उघडल्यावर आतले फोटो टाकतो.