विंड नॉइज अपडेट: ड्रायव्हर साईडची काच जवळपास गप्प, मागची अजून बडबडतेय

मागच्या वेळी जिथे सोडलं होतं तिथून पुढे. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, २०१६ ची जर्मन सेडान, सेकंड हँड घेतलेली, ब्रँड मुद्दाम लिहीत नाही नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळेल. ऐंशीपर्यंत गाडी देवघरासारखी शांत आणि नव्वदच्या पुढे गेलं की उजव्या कानाशी सतत स्स्स्स. शंभरला त्यात बारीक शिट्टी मिसळते, आणि कधी ट्रक ओव्हरटेक करताना ती शिट्टी क्षणभर बंद पडून परत चालू होते. हे शेवटचं लक्षण लक्षात ठेवा, त्यावरच बरंच काही ठरलं.

आधी टायरचा आवाज वेगळा काढायला लागतो, नाहीतर माणूस नुसताच पैसे घालत बसतो. समृद्धीवर भरवीरहून चढलो की खाली काँक्रीट, तिथे टायरच एवढे घोंगावतात की काच बिच काही कळत नाही. म्हणून मोजमापासाठी मी विल्होळीच्या पुढे वाडीवऱ्हेकडे जाताना डांबर जिथे गुळगुळीत आहे तो तुकडा धरला. त्याच वेगाला रस्ता बदलल्यावर जो आवाज बदलतो तो टायरचा, आणि रस्ता कुठलाही असो जो तसाच राहतो आणि वाऱ्याच्या दिशेनुसार कमीजास्त होतो तो हवेचा. इगतपुरी ते आमणे पट्टा चालू झाल्यापासून काही जण त्या कसाऱ्याच्या बोगद्यात टेस्ट करा म्हणतात, जवळपास आठ किलोमीटरचा आहे, बाहेरचा वारा लागत नाही वगैरे. अहो पण तिथे भिंतीवर आपटून टायरचा सगळा आवाज परत काचेवर येतो, उपयोग शून्य.

वाऱ्याची दिशा मी आधी हलक्यात घ्यायचो असं नाही, पण आकडे मांडले की गंमत कळते. हवेच्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. म्हणजे ८० वरून १२० ला गेलात तर साडेदहा डेसिबलच्या आसपास वाढ, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. आता मे संपताना आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा घोटीकडे जाताना तो तोंडावर. काटा शंभर दाखवतो, समोरून वीसचा वारा, म्हणजे काचेसाठी तुम्ही १२० नेच चाललाय, पावणेपाच डेसिबल फुकट. त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही मोजायचं आणि मधला आकडा धरायचा. एकाच बाजूने मोजून 'अमुक रबर लावलं आणि चार डेसिबल कमी झाला' म्हणणाऱ्यांचं मी आता फक्त ऐकून घेतो.

मोजायला मोबाईलचंच स्पेक्ट्रम अ‍ॅप, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज आहे ते वेगवेगळं दाखवणारं. फोन ड्रायव्हरच्या हेडरेस्टला क्लिपने, एसी ब्लोअर बंद, गाणी बंद, बायकोला विनंती. फोनचा माईक कॅलिब्रेटेड नसतो त्यामुळे आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी लावून बघू नका, स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी लावा. आणि नुसता एकूण डीबीए, म्हणजे सगळ्या पट्ट्या मिळून येणारा डेसिबलचा एकच आकडा, बघू नका, त्यात टायर आणि इंजिनच जास्त बोलतात. मला त्रास देणारा आवाज ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये बसलेला होता, कान तिथेच सगळ्यात तिखट असतो.

आता चोर पकडणं. हवेचा आवाज दोन प्रकारचा. एक आकाराचा, म्हणजे आरसा, ए पिलर (पुढच्या मोठ्या काचेच्या बाजूचा तिरका खांब), वायपर यांच्यावरून हवा फुटते आणि काचेवर आपटते, तो काचेतून आत येतो, त्याला आपण फार काही करू शकत नाही. दुसरा गळतीचा, म्हणजे रबर आणि काच यांच्यात फट. हा सुटतो. कुठला आहे ते कळायला निळी मास्किंग टेप. दाराच्या वरच्या फ्रेमच्या सगळ्या फटी, काचेची कड, आरशाचा बूड, सगळं बाहेरून टेपने बंद केलं, चालवली, स्स्स्स जवळपास गायब. म्हणजे गळतीच. मग एकेक तुकडा काढत जायचं. हे हायवेच्या कडेला करत बसू नका, आणि समृद्धीवर तर थांबायचंच नसतं, मी वाडीवऱ्ह्याला ढाब्याच्या आवारात घेऊन करत होतो. टेपही दाराच्या वरच्या भागालाच आणि कागदी, दार ढकललं की फाटली पाहिजे.

आरशाच्या बुडाची काढली, फरक नाही. खालची, म्हणजे काच जिथे दारात शिरते ती बाहेरची बीडिंग, किंचित. पुढची वरची, ए पिलरला लागून जी तिरकी कड आहे तिथली चार बोटं टेप काढली आणि शिट्टी हजर.

कारण आधी वाचलं होतं तेच निघालं. ए पिलरवरून हवा वळताना तिथे भोवरा तयार होतो, काचेच्या पुढच्या भागावर बाहेरचा दाब खाली जातो, आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. १२० ला हवेचा दाब ६०० पास्कलच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला साठेक किलो, आणि बाहेरून काचेवर आणि फ्रेमवर जी ओढ बसते ती साधारण त्याच मापाची. फ्रेम एखादा केस बाहेर सरकते. घरी पार्किंगमध्ये दहाची नोट दारात अडकवून ओढायची टेस्ट सगळे सांगतात, माझ्या दाराने ती मस्त पास केली होती. उभ्या गाडीत रबर पकडतं, शंभरला सोडतं. ट्रकच्या बाजूने जाताना तिथला दाब क्षणभर बदलतो म्हणून शिट्टी बंद पडायची.

तरी उभ्या गाडीत बघायचंच असेल तर त्यातल्या त्यात बरा उपाय म्हणजे सगळ्या काचा बंद, एसीचा ब्लोअर फुल, हवा बाहेरची घेणारी सेटिंग, रिसर्क्युलेशन बंद. आत दाब वाढतो. मग बाहेरून उदबत्ती काचेच्या कडेकडेने हळूहळू फिरवायची, धूर जिथे झटका खातो तिथे फट. मागच्या बंपरमागे हवा बाहेर जायचे व्हेंट असतात, तिथे धूर उडणारच, ते चुकीचं नाही. गंगापूर रोडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री गाडीभोवती उदबत्ती घेऊन फिरताना बघून वॉचमन काका म्हणाले, "नवीन घेतली का साहेब? पेढे कुठंय?" आता त्यांना काय सांगणार.

दार जवळून बघितलं तर आधीच्या मालकाचे पराक्रम दिसले. एक, दारावर बाहेरून डोअर व्हायजर लावलेले होते, पावसात काच थोडी उघडी ठेवायला आपल्याकडे सगळे लावतात ते. विकायच्या आधी काढले पण डबल टेपचा चिकट थर वरच्या कडेला तसाच, त्यावर नाशिकची धूळ, आणि सध्या कुंभमेळ्याच्या कामांनी गावभर जी खोदाई चाललीय त्यात धुळीला तोटा नाही. (व्हायजर असतात तोवर तेच आवाज करतात हे वेगळं. महागड्या शांत गाडीला ते लावणं मला तरी पटत नाही.) दोन, काचेचं चॅनेल, ज्यात काच वरखाली सरकते ते रबर, पुढच्या कोपऱ्यात कडक होऊन आकसलेलं, ओठ नखाने दाबला तर परत उठत नव्हता. तीन, डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उघडल्यावर आतली प्लास्टिकची शीट एका बाजूने फाटलेली आणि काळा ब्युटाईलचा गोंद नीट न बसवता तसाच सोडलेला. कुठल्यातरी गॅरेजने काच मशीन (काच वरखाली करणारी यंत्रणा) काढलं असणार आणि परत लावताना घाई. ही शीट फक्त पाण्यासाठी नसते बरं का, दाराच्या खालच्या ड्रेन होलमधून हवा आणि आवाज दारात शिरतो आणि शीट फाटकी असेल तर पॅडमागून थेट आत.

आमच्या डेंटर दादांचा सल्ला असा की "साहेब, चारी दारांना डॅम्पिंग मारून टाका, एकदम बंगला होईल", म्हणजे पत्र्याला आतून जड शीट चिकटवायची. डॅम्पिंग शीट वाईट नाही, पत्रा थरथरतो तो थांबतो, दार बंद होताना धप्प असा भारी आवाज येतो, सगळे खूश. पण गळती असताना त्याचा उपयोग नाही. साधा हिशोब आहे, भिंतीचा एक टक्का भाग उघडा असेल तर उरलेली ९९ टक्के भिंत किल्ल्याची केली तरी अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही, हजारात एक भाग उघडा असेल तर ३० च्या वर नाही. आधी भोक बुजवा मग भिंत जाड करा. दादांना पटलं की नाही माहीत नाही पण "तुमची गाडी तुमची मर्जी" म्हणाले.

काम असं केलं. चिकट थर आयसोप्रोपाईल अल्कोहोल आणि कापडाने. पेट्रोल किंवा रॉकेल लावून झटपट काढायचा मोह होतो, नको, दाराचं रबर ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि पेट्रोल, खनिज तेल, ग्रीस याने ते फुगून सैल पडतं. बाकी तीन दारांची चॅनेल जुन्या एटीएम कार्डाला ओलं मायक्रोफायबर गुंडाळून आतून पुसली, निघालेली माती बघून लाज वाटली असती पण ती माझी नव्हती. मग रबरांना सिलिकॉन ग्रीस, अगदी पातळ, कापडाने पुसून घेतल्यासारखं.

ड्रायव्हर साईडचं चॅनेल मात्र बदललं. ओरिजिनल मुंबईहून मागवलं. अंबडला एमआयडीसीत मीटरवर रबर प्रोफाइल मिळतं, डी आकाराचं, झेड आकाराचं, आणि स्वस्त पडतं, पण चॅनेलचा कोपरा साच्यातून एकसंध आलेला असतो, मीटरवरचं रबर कोपऱ्यात कापून जोडलं की नेमकी तिथेच फट, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच. डी प्रोफाइल दाराच्या कडेला जास्तीचं सील म्हणून ठीक आहे, काचेच्या चॅनेलला पर्याय नाही. बसवताना आधी दोन्ही कोपरे दाबायचे मग मधला भाग, ओढून ताणून बसवलं तर नंतर आकसतं. गोंद लागत नाही.

नवीन चॅनेल घट्ट असल्यामुळे काच वर जाताना अँटी पिंच (बोट अडकू नये म्हणून अडथळा लागला की काच मागे घेणारी सोय) चालू होऊन काच परत खाली यायला लागली. घाबरू नका. थोडं सिलिकॉन, काच हळूहळू वरखाली, मग विंडो इनिशियलाइज करायची, म्हणजे काचेची शेवटची जागा गाडीला परत शिकवायची, बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं असतं, नक्की पद्धत गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. त्यानंतर रात्रभर काच बंद ठेवली म्हणजे रबर काचेवर बसतं.

शीट नवीन कापून ब्युटाईल टेपने चारी बाजूंनी बसवली, क्लिपा अर्ध्या तुटल्या होत्या त्या नव्या.

शेवटी स्ट्रायकर, म्हणजे पिलरवरची ती खुंटी जिला दाराचं लॉक धरतं. मार्करने जुनी जागा आखून घेतली, दोन टॉर्क्स बोल्ट जरासे ढिले करून अर्धा मिलिमीटर आत. त्यापेक्षा जास्त नाही, नाहीतर दार आपटावं लागतं आणि मागच्या दाराच्या तुलनेत पत्रा आत गेलेला दिसतो. हे फुकटचं काम आहे आणि माझ्या मते चॅनेलच्या आधी हेच करून बघावं, ज्यांचं रबर अजून मऊ आहे त्यांचं एवढ्यावरच भागेल. माझं भागलं नसतं कारण कोपरा मेलेलाच होता.

निकाल: शंभरला, दोन्ही दिशांचा मधला आकडा, एकूण डीबीए जेमतेम दोनने खाली. आकडा ऐकून मित्र हसला. पण ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सात डेसिबल कमी आहे आणि शिट्टी पूर्ण गेली. मागे बसलेली आई आता "काय म्हणालास?" विचारत नाही, कारण स, श, फ ही अक्षरं ज्या पट्टीत ऐकू येतात तिथेच तो आवाज बसला होता.

काचेबद्दल बरेच जण विचारत होते. काच अर्धी खाली करून वरची कड बघा, मधे बारीक रेघ दिसली तर लॅमिनेटेड (दोन काचा चिकटवलेली), नाहीतर टेम्पर्ड (एकेरी, कडक केलेली), कोपऱ्यातल्या शिक्क्यावरही लिहिलेलं असतं. साधी ४ मिलिमीटरची काच साधारण ३ किलोहर्ट्झला स्वतःच आवाजाला साथ देते आणि तिथली अडवणूक पडते. अकूस्टिक लॅमिनेटेडमध्ये दोन काचांमधला मऊ पीव्हीबी प्लास्टिकचा थर ती थरथर मारतो. माझ्या पुढच्या दोन लॅमिनेटेड आहेत, मागच्या टेम्पर्ड. १९९१ च्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १४० एस क्लासला तर बाजूच्या काचा दुहेरी होत्या, मधे हवेची पोकळी ठेवून. त्या काळात हा विचार केला म्हणजे कमाल आहे, वजन किती वाढलं असेल ते असो. सन फिल्म लावून आवाज कमी होतो असं कुणी सांगितलं तर त्याला फक्त चहा पाजा.

आता पुढचं शांत झाल्यावर मागच्या उजव्या दाराचा आवाज ऐकू यायला लागलाय, आधी तो झाकला जायचा. तिथे टेप लावली तर थोडाच फरक पडतो, म्हणजे गळती कमी आणि टेम्पर्ड काचेतून येणारा जास्त. मागच्या दाराचं चॅनेल मऊ आहे त्यामुळे बदलणार नाही, आधी खुंटी आणि शीट बघणार. मागे लॅमिनेटेड काच बसते का याची चौकशी चालू आहे, त्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला येते पण जाडी वेगळी असेल तर चॅनेल आणि काच मशीन दोन्हीचा प्रश्न. कुणी अशी अदलाबदल केली असेल तर जाडी मोजून सांगा, व्हर्नियरने, डोळ्याने नको. आकडे गणपतीनंतर टाकेन, सध्या घोटीकडे पाऊस लागलाय आणि ओल्या रस्त्यावर मोजण्यात अर्थ नाही.