वाचलेली पुस्तकं

मराठीत ‘वाचणं’ हे क्रियापद एक आणि त्याची कामं दोन. पूर ओसरल्यावर कोल्हापुरात कुणी विचारलं, ‘काय, किती पुस्तकं वाचली?’ तर उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याच्या पायाकडे बघावं. पायाला राड, म्हणजे पुराचा चिखल, असली तर चौकशी नुकसानीची आहे.

हल्ली दुकानातल्या पुढच्या टेबलावर असतात ती दुसऱ्या अर्थाच्या वाचण्याचीच पुस्तकं. कड्यावरून जिवानिशी परतलेला गिर्यारोहक, कर्करोगातून उठलेली बाई, कोविड वॉर्डात दोन वर्षं काढलेला डॉक्टर, कर्जात बुडून पुन्हा उभा राहिलेला कारखानदार. मुखपृष्ठावर पाठमोरा माणूस, समोर डोंगर किंवा उगवता सूर्य. वर चकचकीत लॅमिनेशन. आणि पुस्तकाच्या बरोब्बर मध्ये आर्ट पेपरवर रंगीत फोटोंची सोळा पानं. मजकूर बरेचदा चांगला असतो. बर्फ वितळवून पाणी करायला किती वेळ लागतो, उपाशी माणसाला पहिला घास कशाचा द्यावा, हे त्यातलं ज्ञान उपदेशाच्या प्रकरणांपेक्षा कितीतरी मोलाचं. पण चिवटपणावरच्या या पुस्तकांचा स्वतःचा चिवटपणा मात्र बेताचाच. पंचगंगेचं पाणी शिरलं की कपाटात सगळ्यात आधी हीच दगावतात.

दोष त्या सोळा पानांचा. आर्ट पेपर गुळगुळीत दिसतो तो कागदामुळं नाही, त्यावरच्या लेपामुळं. चिनी माती किंवा खडूची बारीक पूड आणि तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ, असा तो लेप असतो. पाणी लागलं की तो मऊ पडतो आणि समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात. ओली आहेत तोवर सुटतात. एकदा वाळली की त्यांची वीट होते, मग सुरी घाला, वाफ द्या, काही उपयोग नाही. शिखरावरचा झेंडा समोरच्या पानावरच्या आईच्या फोटोला कायमचा चिकटतो. हाताशी फार तर सहा तास असतात. तेवढ्यात पान न् पान सोडवणं जमणार नसेल, तर पुस्तक स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं. ऐकायला वेडगळ वाटतं, पण आर्ट पेपरला पाण्यानं जेवढा धोका नाही तेवढा अर्धवट वाळण्यानं आहे.

शेजारीच स्वस्त मॅपलिथो कागदावर, नाहीतर पिवळट न्यूजप्रिंटवर, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदावर, छापलेली जुनी आवृत्ती असते. ती भिजते, फुगते, वाकडी होते, पण पानं सुटी राहतात. तिला लेप नाही, लॅमिनेशन नाही. लॅमिनेशनचा ताप वेगळाच. कव्हरच्या आतल्या बाजूचा कागद पाणी पिऊन पसरतो, बाहेरचं प्लॅस्टिक पसरत नाही, म्हणून कव्हर पापडासारखं वळतं आणि वाळल्यावरही पुरतं सरळ होत नाही.

छापील अक्षराची काळजी करू नये. ऑफसेटची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. वाहून जाते ती पहिल्या पानावरची लेखकाची सही, शाईच्या पेनानं केलेली असली तर. ग्रंथालयाचा जांभळा शिक्काही बहुधा पसरतो आणि चार पानं पलीकडं उमटतो. मालकी जाते, मजकूर राहतो.

बांधणीचंही असंच उलटं आहे. आजचं पुस्तक बहुधा ‘परफेक्ट’ बाइंडिंगचं. फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्यांची, पाठ कापून टाकायची आणि सुट्या पानांना गरम गोंदाची एक पट्टी लावायची, एवढंच त्यातलं परफेक्ट. कागद फुगला की गोंद तडकतो आणि पत्त्याच्या कॅटासारखी पानं हातात येतात. जुना बाइंडर फर्मे दोऱ्यानं शिवायचा आणि मैद्याची खळ लावायचा, कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचा. खळ पाण्यात विरघळते. पुठ्ठा वेगळा होतो, पण शिवण टिकते. वाळल्यावर नवी खळ, नवा पुठ्ठा, पुस्तक पुन्हा उभं.

याचा मोठा दाखला इटलीतला आहे. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी फ्लोरेन्स शहरात शिरली. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय नदीकाठी, आणि तळघरं पुस्तकांनी भरलेली. दहा लाखांहून जास्त ग्रंथ आणि कागद चिखलात गेले. ठिकठिकाणची तरुण मुलं आली आणि माणसांची साखळी करून हातोहात ती बाहेर काढू लागली. गावानं त्यांना ‘चिखलातले देवदूत’ म्हटलं. ती पुस्तकं सुकवायला तंबाखूच्या भट्ट्यासुद्धा वापरल्या गेल्या. (आपल्याकडं तंबाखू निपाणी भागात आहे, पण विडीचा तंबाखू उन्हात वाळतो, त्यामुळं ती सोय नाही. गुऱ्हाळांच्या चुली पेटतात पाऊस संपल्यावर.) पुढं जाणकारांनी वाचलेले ग्रंथ तपासले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मऊ चर्मपत्राचं नुसतं आवरण असलेल्या, जवळजवळ सरस न वापरलेल्या ढिल्या बांधणीचे ग्रंथ जाड पुठ्ठ्याच्या भारदस्त ग्रंथांपेक्षा चांगले निभावले होते. तुकोबांनी हे आधीच लिहून ठेवलंय: महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती. तिथंही ‘वाचती’च आहे.

देहूत इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. ग्रंथपालाला तेरा दिवस मिळत नाहीत. श्रावणातल्या दमट हवेत भिजल्या कागदावर बुरशी धरायला ४८ ते ७२ तास पुरतात, आणि त्यातला बराचसा वेळ पाणी उतरायची वाट बघण्यात गेलेला असतो.

कोल्हापुरात एक मोठी सोय आहे. इथला पूर आकड्यांत बोलतो. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये ‘किती फुटांवर हाय?’ आणि ‘राधानगरीचे किती दरवाजे उघडले?’ हे दोन प्रश्न रामरामाच्या जागी येतात. राधानगरी धरणाचे सात दरवाजे आपोआप उघडतात, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नात कुणाची मर्जी चालत नाही. पुस्तकांसाठी एवढं वेळापत्रक पुरे. ३९ ला खालचा खण मोकळा करायचा, ४३ ची वाट न बघता त्याच्या वरचाही. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा खण मोजण्यात अर्थच उरला नव्हता. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, व्हीनस कॉर्नर या भागात असलेल्याला पोटमाळा, नाहीतर राजारामपुरीतला पाव्हणा, एवढेच दोन पर्याय.

लोखंडी कपाटावर विश्वास टाकू नये. ते वाळवीला चांगलं, पाण्याला नाही. फटींतून पाणी आत जातंच. मग आत काय होतं बघा. आजचा कागद आपल्या वजनाच्या साधारण ६० टक्क्यांपर्यंत पाणी पितो. अर्ध्या किलोचं पुस्तक ८०० ग्रॅमचं होतं, तीस पुस्तकांचा खण १५ किलोंवरून २४ वर जातो आणि खणाची पट्टी मध्ये वाकते. पुस्तकं जाडीनं फुगतात, त्यांना बाजूला सरकायला जागा नसते, आणि ती एकमेकांत अशी ठासतात की वरून बोट घालून ओढलं तर पाठ हातात येते, पुस्तक आतच राहतं. अशा वेळी कडेचं एखादं पुस्तक बळी द्यायचं. ते मोकळं झालं की बाकीची दोन्ही तळव्यांत धरून निघतात. आपल्याला नको असलेलं एखादं भेट मिळालेलं पुस्तक प्रत्येक खणाच्या कडेला असावं, ते यासाठी.

बाहेर काढलेलं पुस्तक उघडून बघायचा मोह होतो. उघडायचं नाही. आधी राड धुवायची, आणि तीही पुस्तक घट्ट मिटून धरून. चार घमेली ओळीनं मांडायची. पहिल्यात जाड गाळ सोडायचा, चौथ्यात पाणी जवळजवळ नितळ राहिलं पाहिजे. घासायचं नाही. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की चोळले की धाग्यांत घुसतात, आणि मग तो डाग कागदाचाच होतो. चौथ्या घमेल्यानंतरही उरलेला गाळ तसाच राहू द्यावा, वाळल्यावर मऊ ब्रशनं झडतो. पुराच्या पाण्यात गटारही असतं, म्हणून हातमोजे आणि मास्क हवेतच. आणि धुवायला चांगलं पाणी कुठलं? पूर मोठा असला की शहराचे पंपच पाण्याखाली जातात. चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, ही कोल्हापूरची जुनी थट्टा आहे. पावसाचं धरलेलं पाणी चालतं.

मग पुस्तक उभं करायचं, डोक्यावर, म्हणजे उलटं, पुठ्ठे किंचित फाकवून. निथळू द्यायचं. पानं आपणहून सुटू लागली की दर दहा-वीस पानांमागं शोषून घेणारा कागद घालायचा. हा कागद कोरा न्यूजप्रिंट असावा. छापखान्यात रोळाचा शेवट उरतो, तो किलोवर मिळतो. वर्तमानपत्र घालू नये. त्याची शाई ओल्या पानावर उतरते आणि सहाव्या प्रकरणावर पुराचीच बातमी उलट्या अक्षरांत उमटते. घातलेल्या कागदांची जाडी पुस्तकाच्या एक पंचमांशावर जाऊ देऊ नये, नाहीतर पाठ फाटते. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी कागद बदलायचा आणि दर खेपेला पुस्तकाची डोक्याची बाजू खाली, तळाची वर अशी अदलाबदल करायची, कारण पाणी खालच्या कडेला उतरत राहतं.

आता हिशेब करा. दोनशे पृष्ठांच्या पुस्तकाला दहा कोरे कागद, दिवसातून सहा बदल, म्हणजे साठ. पन्नास पुस्तकांना दिवसाला तीन हजार. एवढे कागद नाहीत आणि एवढे हातही नाहीत. म्हणून निवड करावी लागते, आणि हे काम धुण्यापेक्षा जड आहे. बाजारात मिळणारं पुस्तक सोडून द्यावं, कितीही आवडतं असलं तरी. हाती घ्यावी ती हस्तलिखितं, संस्थांचे जुने अहवाल, गावाचे इतिहास, छपाई बंद झालेली पुस्तकं. टेबलावरचे ते विजयी गिर्यारोहक या निवडीत पहिल्याच फेरीत बाद होतात. बिचाऱ्यांची नवी आवृत्ती पुण्याहून येणार असते.

ज्यांना आज हात लावता येत नाही त्यांना थंडीत घालायचं. उणे १८-२० अंशांत बुरशीची वाढ थांबते आणि वेळ मिळतो, कितीही महिने. पुस्तक मेणकागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये सैलसर गुंडाळायचं, खोक्यात पाठ खाली करून एकाच थरात ठेवायचं. आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर चालतो. मात्र तो गावाच्या उंच भागातला आणि वीज चालू असलेला बघावा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा संथपणे गोठवतो, तरी काहीच नसण्यापेक्षा बरा.

उन्हात घालू नये, पुठ्ठे धनुष्य होतात आणि कागद पिवळा पडतो. इस्त्री फिरवू नये. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही, पिना ठिणग्या टाकतात आणि गोंद वितळतो. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, फक्त पुढच्या वाचकाचं डोकं दुखतं. टेबलफॅन लावावा, पण तोंड भिंतीकडं करून. हवा खोलीत फिरली पाहिजे, पानांवर आदळता कामा नये.

वाळलं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. पुस्तक मधोमध उघडून पान गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे. बाइंडर लोक ओठ लावतात, ओठाला आणखी बारीक कळतं. गारवा गेला की दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवून वर चार-सहा विटा, आठवडाभर. वास राहिलाच तर झाकणाच्या डब्यात पुस्तक आणि शेजारी वाटीत खायचा सोडा, एकमेकांना न लावता.

एवढं सगळं करून कपाटात परत लावायला जावं तर वीस पुस्तकांच्या खणात सतराच मावतात. फुगवटा पुरता जात नाही. उरलेली तीन टेबलावर पडून राहतात, आणि टेबलावर असतात म्हणून लोक तीच उचलून नेतात.

ग्रंथालयात यादी पडताळताना आणखी एक प्रकार घडतो. नोंदवहीत क्रमांक आहे, कपाटात पुस्तक नाही, राडीतही सापडलेलं नाही. शोध घेतला की कळतं, ते दोन वर्षांपूर्वी टेकडीकडच्या एका सभासदानं नेलंय. स्मरणपत्रं गेली, शिपाई जाऊन आला, गृहस्थ दाद देत नव्हते. आता तीच एक प्रत कोरडी ठणठणीत आहे. गृहस्थांना हार घालावा की विलंब आकार लावावा, यावर कार्यकारिणीत चर्चा होते. आकार लावला जातो.