पाणी आलं का?

इंग्लंडात आमच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला परवा एक कागद बांधलेला दिसला. गावाबाहेरच्या शेतात नवी घरं बांधायचा अर्ज आला आहे, कुणाला काही म्हणायचं असेल तर २१ दिवसांत कळवा. आठवडाभर गल्लीत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या आजी म्हणाल्या, डॉक्टरकडे आत्ताच नंबर लागत नाही, आणखी एवढी कुटुंबं आल्यावर काय?

मुंबईत डिलाईल रोडला आमच्या चाळीसमोर टॉवर आला, तो आम्हाला कळला पत्रे ठोकले तेव्हा.

गेल्या गणपतीत घरी गेले होते. आई पहाटे साडेचारला उठून मोरीत नळाजवळ बसलेली. "चहा नंतर, आधी पिंप भरू दे." पूर्वी तासभर येणारं पाणी आता जेमतेम अर्धा तास येतं आणि त्याला जोर नसतो. मोटर लावली तर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठणठणाट, म्हणून आई मोटर लावत नाही. समोरच्या गेटातून मात्र टँकर आत जातात. सगळा दोष त्या एका इमारतीचा नाही, हे मला कळतं. सात तलावांचं पाणी अख्ख्या शहराला पुरवायचं, त्यातलं तानसा तर १८९२ सालचं. पण गल्लीतली माणसं कित्येक पटींनी वाढणार हे नकाशा मंजूर करताना कागदावर दिसतच होतं ना?

गिरणगावाला हे नवं नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमाने त्या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची राहिली, आणि पहिले दोन वाटे आटले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जागी ऑफिसं आली, हजारो माणसं रोज परळ-एल्फिन्स्टनला उतरू लागली, स्टेशनच्या पुलाचा जिना मात्र तोच अरुंद. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्या पुलावर २३ जण चेंगरून गेले. त्या सकाळी मी इथून घरी फोन लावत होते, लागत नव्हता. अजूनही तो पूल चढताना माझा हात कठड्यावर घट्ट होतो.

इथे इंग्लंडात सगळं आदर्श आहे असं नाही. १९९० च्या नियोजन कायद्यातल्या कलम १०६ खाली बिल्डरला शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी पैसे किंवा जागा देण्याचा करार करावा लागतो. पण पुष्कळदा घरं आधी भरतात, शाळा मागून येते. परवडत नाही म्हणून बिल्डर स्वस्त घरांची संख्या कमी करून घेतात, तेही होतं. तरी करार लिहिलेला असतो, कुणालाही तो वाचता येतो, त्यावर बोट ठेवून भांडता येतं. मला त्या कागदाचं मोल फार वाटतं.

मी २१ दिवसांच्या आत लिहिलं. घरांना विरोध केला नाही. आम्हीही इथे बाहेरूनच आलो, लोकांना घरं हवीतच. पहिली घरं भरायच्या आधी दवाखाना सुरू करा, एवढंच मागितलं.

आता आमच्या चाळीचाही पुनर्विकास निघाला आहे. ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली की पुढची पावलं पडतील. आईला स्वतःचा संडास मिळेल, लिफ्ट मिळेल. सत्तरीनंतर का होईना, मिळावीच. पण मागच्या गल्लीतल्या बैठ्या चाळीची संमती कुणीच विचारणार नाही, आणि त्यांच्या नळाचा जोर आमच्या टॉवरने कमी होणार आहे. रविवारी बिल्डरच्या माणसांबरोबर मीटिंग आहे. सगळे कार्पेट एरिया आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, विचारतील. मी आईला फोनवर तीन प्रश्न लिहून घ्यायला लावले: पाण्याची जोडणी कुठल्या लाइनवरून घेणार, ती लाइन मोठी करणार का, आणि मागच्या चाळीला हे कोण सांगणार.

आईने तिसरा प्रश्न पहिला लिहिला.